वर्षातून फक्त पाच वेळा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक योजना जाहीर केली. रस्त्यावरच्या अपघातात गंभीर जखमी झालेल्या माणसाला पहिल्या तासाभरात दवाखान्यात नेऊन जो त्याचा जीव वाचवील, त्याला पाच हजार रुपये आणि प्रशस्तिपत्र. योजनेच्या कागदात जरा खाली एक ओळ आहे: एका व्यक्तीला हे बक्षीस वर्षातून जास्तीत जास्त पाच वेळा मिळेल.

वाचणाऱ्याला आधी हसू येतं. सहावा माणूस रस्त्यात पडलेला दिसला तर काय, वर्ष पालटेपर्यंत थांबायचं? हसून झालं की दुसरा प्रश्न पडतो. वर्षाला पाच जीव वाचवणारा माणूस असतो तरी कुठे? ज्याने आयुष्यात एखादाच अपघात जवळून पाहिला आहे, त्याला पाच हा आकडा भलताच उदार वाटेल. ही अट ज्याच्या आड खरोखर येऊ शकते असा माणूस शोधायचा तर पुण्याहून पूर्वेला निघावं लागतं, शिरूरच्या नाहीतर दौंडच्या दिशेने.

हे दोन तालुके भीमेच्या दोन अंगांना आहेत. शिरूरमधून पुणे–अहिल्यानगर रस्ता जातो, दौंडमधून पुणे–सोलापूर. एकीकडे कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, कारेगाव; दुसरीकडे यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ. रांजणगावला आणि कुरकुंभला एमआयडीसी, म्हणजे कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, शिफ्ट सुटताना एकदम रस्त्यावर येणाऱ्या शेकडो दुचाक्या. रांजणगावला महागणपती, दौंडवरून पुढे सिद्धटेक, म्हणजे अष्टविनायकाच्या गाड्या. शिरूर आणि दौंड यांना जोडणारा न्हावरे–चौफुला रस्ता आहे, तो उसाच्या पट्ट्यातून जातो. आणि दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की या सगळ्या वाहतुकीत उसाचे ट्रॅक्टर उतरतात.

उसाचा ट्रॅक्टर रात्री कसा दिसतो हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला सांगून पटणार नाही. खरं म्हणजे तो दिसतच नाही, अडचण तीच आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींतून बाहेर लोंबणारा ऊस, पाठीमागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्याने गाणी लावलेली की मागून कितीही हॉर्न वाजवला तरी चालवणाऱ्याला पत्ता नाही. टायर फुटला की ट्रॉली आहे तिथेच उभी राहते. मागच्या गाड्यांना कळावं म्हणून रस्त्यावर चार दगड मांडले जातात. टायर बदलून ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथेच राहतात. मग रात्री साडेनऊला कंपनीतून सुटलेला एखादा पोरगा दुचाकीवरून एकतर ट्रॉलीवर जातो, नाहीतर दगडांवर.

आता तिथे पहिला कोण पोहोचतो ते बघा. पोलीस नाहीत, रुग्णवाहिकाही नाही. शेजारच्या ढाब्यावरचा वेटर असतो. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला असतो, कारण त्याच्याकडे जॅक, टॉमी आणि बॅटरी हाताशी असते. शेतीला थ्री-फेज लाइट रात्रीची असेल तर पाणी द्यायला बाहेर पडलेला एखादा शेतकरी असतो. शिरूरकडे बिबट्याच्या भीतीने तो एकटा फिरत नाही, तेव्हा बरोबर भाऊ किंवा शेजारीही असतो. कुणीतरी मधोमध उभं राहून मागच्या गाड्या थांबवतं. कुणी १०८ ला फोन लावतं. कुणी पिकअपला हात करतं, तो थांबत नाही, दुसरा थांबतो. दोघे-तिघे मिळून जखमीला उचलतात, एक जण त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या हौद्यात बसतो. शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर जवळ असेल तो खासगी दवाखाना. तिथून पुढे बहुधा पुण्याचा रस्ता, साठ-सत्तर किलोमीटर.

ढाब्याचा वेटर गावी निघून जातो, पिकअपवाला पुन्हा त्या रस्त्याने येईलच असं नाही. पंक्चरवाला मात्र वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर असतो आणि कोपरा धोक्याचा असतो. पाचाची अट लागली तर त्याला लागेल.

पहिल्या तासाचं महत्त्व अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी लोकांच्या मनावर ठसवलं, आणि ‘गोल्डन अवर’ हा शब्द त्यांच्यामुळे जगभर गेला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्याच आली: गंभीर इजा झाल्यापासूनचा एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०१ व्या अहवालात म्हटलं होतं की वेळेवर उपचार मिळाले तर अशा मरणाऱ्यांतले निम्मे वाचू शकतात.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. तिने बरंच काही बदललं. तरी एवढ्या मोठ्या राज्याला गाड्या मोजक्याच म्हटल्यावर न्हावऱ्याच्या फाट्यावर पहिला हात गावकऱ्याचाच लागणार, हे उघड आहे.

पण बऱ्याचदा तो हात पुढे येत नव्हता. लोक निर्दय झाले होते अशातला भाग नाही. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत १०० पैकी ७४ जणांनी सांगितलं की गंभीर जखमीला मदत करायला आपण बहुधा पुढे होणार नाही. आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं ते पोलिसांच्या चौकश्यांचं आणि कोर्टाच्या खेपांचं. आपल्याकडे हे वेगळ्या शब्दांत ऐकू येतं. ‘हात लावू नको, पोलीस केस आहे.’ दवाखान्यात नेलं की कागदावर पहिलं नाव आपलं, जबाब आपला, पंचनाम्याला आपण, तीन वर्षांनी समन्स आपल्याला, आणि तारखेला गेलं की पुढची तारीख. त्यावर आणखी एक भीती: आणून टाकणाराच ठोकणारा असेल असं जखमीच्या नातेवाइकांना वाटलं तर?

ही भीती घालवायला बक्षीस लागत नाही, कायदा लागतो. तो टप्प्याटप्प्याने आला. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमीवर उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. सेव्हलाइफच्याच याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२० मध्ये त्याखालचे नियम. आज मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही ते तोच ठरवतो. मदत करताना नकळत काही कमी-जास्त झालं तर त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. रुग्णालयाने हे हक्क लिहिलेला फलक दारात लावायचा आहे. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तो कुठे दिसतो का, ते पुढच्या वेळी जाल तेव्हा जरूर बघा.

कलम १३४-अ मध्ये अशा मदतगाराची व्याख्या दिलेली आहे. जो सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची वा बक्षिसाची अपेक्षा न ठेवता अपघातस्थळी मदत करतो, तो. आता दोन वर्षांनी आलेली योजना या व्याख्येशेजारी ठेवा. बक्षिसाची अपेक्षा नसेल तरच तुम्ही सज्जन मदतगार, आणि सज्जन मदतगार असाल तर तुम्हाला बक्षीस. यात विरोधाभास आहे असं सरकारी वकीलही म्हणणार नाही. अपेक्षा नसताना मिळालेलं बक्षीस घ्यायला कुणाची हरकत? पण पहिल्यांदा मिळालं ते अनपेक्षित होतं. दुसऱ्यांदा? चौथ्यांदा? कुठेतरी अपेक्षा सुरू होते असा संशय घ्यायला जागा आहे, आणि मंत्रालयाने ती जागा पाचाच्या पुढे धरली. पाचपर्यंत तुम्ही परोपकारी, सहाव्यापासून तुमच्यावर धंद्याचा संशय. मी तरी या ओळीचा अर्थ असाच लावतो.

संशय अगदीच निराधार नाही, आणि यासाठी आपल्याला कोकणाच्या पलीकडे जायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी, म्हणजे छोटे विषारी साप, फार. एकोणिसाव्या शतकात ती मारून आणणाऱ्याला इंग्रज सरकार नगाला काही पै देत असे. १८६२ मध्ये ही रक्कम वाढवून दोन आणे केली. आठवडाभरात एक लाखाहून जास्त मेलेली फुरशी सरकारदरबारी येऊन पडली, तिजोरीला घाम फुटला आणि रक्कम पुन्हा खाली आणावी लागली. इथे फसवणूक झालीच असं नाही. जिल्ह्यात फुरशी होतीच तेवढी. नगावर पैसे लावले आणि नगाला मर्यादा ठेवली नाही की काय होतं, एवढंच यातून दिसतं.

अपघातात तर नग मोजणंही अवघड. दवाखान्यात आणणारा कोण, हे दवाखाना सांगणार. तासाच्या आत आणलं की नाही, तेही तोच सांगणार. इजा योजनेत बसण्याइतकी गंभीर होती का, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया लागली का, निदान तीन दिवस भरती करावं लागलं का, मेंदूला वा मणक्याला मार होता का, हे डॉक्टरच्या कागदावर ठरणार. तिघांनी संगनमत केलं तर पाच हजार काढणं कठीण नाही. अमुक दवाखान्यात पेशंट आणला की अमुक टक्के, हा व्यवहार काही खासगी रुग्णवाहिकांच्या बाबतीत बोलला जातो तो ऐकलेल्या माणसाला ही शंका यायला वेळ लागत नाही. तेव्हा वार्षिक मर्यादा घालणाऱ्या अधिकाऱ्याला मी वेडा ठरवणार नाही. त्याने आणखीही एक मर्यादा घातली: एका जखमीला अनेकांनी मिळून वाचवलं असेल तर पाच हजार त्या सगळ्यांत सारखे वाटायचे.

मघाचा अपघात पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गाड्या थांबवणारा, फोन लावणारा, उचलणारे तिघे, पिकअपवाला, डोकं मांडीवर घेणारा आणि बॅटरी धरणारा पंक्चरवाला. आठ जण. माणशी ६२५ रुपये. २०२५ मध्ये ‘राहवीर’ या नव्या नावाने योजना आली आणि रक्कम पाच हजारांवरून २५,००० झाली. म्हणजे आता माणशी ३,१२५. ही रक्कम वाईट नाही. पण वाटणीचा नियम माहीत असलेला पहिला माणूस पोलिसांना किती नावं सांगेल? आठ सांगितली तर ३,१२५, एकच सांगितलं तर २५,०००. मदत आठ जणांनी केलेली असते. कागद मात्र सांगणाऱ्याला सुचवत राहतो की ती एकाने केली असं सांग. पाचाच्या अटीवर लोक हसतात. नुकसान या वाटणीच्या अटीने जास्त होतं असं माझं मत आहे, कारण पाचाची अट वर्षाकाठी एखाद्यालाच लागेल, वाटणीची जवळजवळ प्रत्येक अपघाताला लागते.

पैसे आणि परोपकार यांचं जमत नाही असं सांगणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये रक्त फुकट दिलं जाई, अमेरिकेत बरंचसं विकत घेतलं जाई. टिटमस यांचं म्हणणं की विकत घेण्याने रक्ताचा दर्जा घसरतो आणि फुकट देणारेही मागे सरतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याला बंदी आहे. टिटमस यांच्या दाव्याची परीक्षा पुढे स्वीडनमध्ये झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात स्त्रियांच्या एका गटाला रक्तदाते होण्याबद्दल नुसतं विचारलं, तेव्हा ५२ टक्के तयार झाल्या. दुसऱ्या गटाला पैसे देऊ केले, तर ३० टक्केच. तिसऱ्या गटाला पैसे देऊ केले पण ते हवे तर धर्मादाय संस्थेला देता येतील असं सांगितलं, तर पुन्हा ५३. पुरुषांत मात्र असा ठळक फरक आढळला नाही.

मला यातला तिसरा गट सगळ्यांत बोलका वाटतो. पैसे तेवढेच. फरक एवढाच की ‘पैशासाठी केलं’ असं कुणी म्हणायला जागा उरली नाही. गावात याला फार महत्त्व असतं. अपघातग्रस्ताला नेणाऱ्या पंक्चरवाल्याला त्याच्या कोपऱ्यावर मान आहे. दुकानात हवा भरायला आलेला माणूस चहा सांगतो, सरपंच नावाने हाक मारतो. ‘याला सरकारकडून माणशी पंचवीस हजार मिळतात’ ही बातमी एकदा चावडीवर पोहोचली, की तेच काम, तोच माणूस, पण हाक मारण्याचा सूर बदलतो.

याच पट्ट्यात दरवर्षी आषाढी वारीला तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. भाकऱ्या घराघरांतून येतात. कुणाच्या घरून किती आल्या याची वही नसते, कुणाला मर्यादा नसते, आणि सगळ्यांत जास्त भाकऱ्या थापणाऱ्या बाईला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असं कुणाला सुचलेलं नाही. सुचलं तर काय होईल याची कल्पना गावाला असावी. उलट मंदिराच्या जीर्णोद्धाराची देणगी बघा. तिथे संगमरवरी पाटीवर नाव यायला किमान रक्कम ठरलेली असते आणि पाटीवरच्या अक्षरांचा आकार आकड्याप्रमाणे वाढतो. एकच गाव दोन्ही व्यवहार सुखाने चालवतं. कुठे मोजायचं आणि कुठे नाही, हे त्याला शिकवावं लागत नाही.

मग मोजणी, नोंद, गौरव हे सगळंच सोडून द्यावं का? तसं म्हणणारे भेटतात. चांगलं काम करणाऱ्याला कशाला हवं प्रशस्तिपत्र, असा त्यांचा सूर असतो, आणि तो बहुधा ज्यांच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रं आधीच लागलेली आहेत त्यांचा असतो. मला हे पटत नाही. पंक्चरवाल्याच्या पोराला शाळेत सांगायला काहीतरी असावं. पोलीस पाटलाने, बँकेच्या साहेबाने त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं. आणि उद्या कुणी त्याच्यावरच ‘तूच ठोकलंस’ म्हणून आलं, तर दाखवायला कागद असावा.

अमर्याद गौरवाचा अनुभवही आपण घेतला आहे. २०२० मध्ये ‘कोरोना योद्धा’ प्रमाणपत्रांचा पूर आला होता. संस्था, मंडळं, पक्षांच्या शाखा, जो तो वाटत होता. नाव भरलं की मोबाइलवर रंगीत प्रमाणपत्र हजर. सहा महिन्यांत त्याची किंमत शून्य झाली, आणि ज्या आशाताई खरोखर घरोघर फिरत होत्या त्यांचं प्रमाणपत्रही त्याच ढिगात गेलं. मरणोत्तर आणि परदेशस्थ सोडले तर पद्म पुरस्कारांना वर्षाला १२० ची मर्यादा आहे, ती याच भीतीने असावी. तेव्हा मर्यादा हवी, यात वाद नाही. प्रश्न ती कशाला लावायची हा आहे.

जुन्या शहाण्या लोकांनी याचा विचार केलेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हार्विक इथल्या कोळसाखाणीत जानेवारी १९०४ मध्ये स्फोट होऊन १७९ माणसं गेली. वाचवायला आत उतरलेल्यांपैकी दोघेही मेले. ते ऐकून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी पन्नास लाख डॉलर काढून वीरनिधी उभा केला. या निधीने शूर माणसं तयार होतील असा त्यांचा दावा नव्हता, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. जीव धोक्यात घालणाऱ्याचं आणि त्याच्या घरच्यांचं पैशावाचून अडू नये, एवढाच हेतू. या निधीने मर्यादा घातली ती ‘किती वेळा’वर घातली नाही, ‘कोण’वर घातली. वाचवणं हे ज्याचं नोकरीतलं कामच आहे, त्याला पदक नाही. मात्र त्याने कर्तव्याच्या कितीतरी पुढे जाऊन काही केलं असेल तर आहे.

आपल्याकडचं जीवन रक्षा पदक १९६१ पासूनचं. त्याच्या तीन श्रेणी आहेत: सर्वोत्तम, उत्तम आणि साधं. तिथेही गणवेशातल्या माणसाला कर्तव्यावर असताना केलेल्या कामासाठी ते नाही. पण एकदा पदक मिळालेल्या माणसाने पुन्हा कुणाचा जीव वाचवला, तर त्याच्या पदकाच्या फितीवर पट्टी चढते. सैन्यातल्या शौर्यपदकांचा नियम असाच. परमवीरचक्रालाही पट्टीची तरतूद आहे.    ‘यंदा तुमचे पाच झाले, आता पट्टी नाही’ असं कुठलंही सैन्य म्हणत नाही.

पदकाच्या नियमात आणि पाच हजारांच्या नियमात हा एवढा फरक का पडला, याचं उत्तर सोपं आहे. पदक बाजारात चालत नाही, पैसे चालतात. पैशाला खोट लागते म्हणून त्यावर मर्यादा हवी, वार्षिक हवी, आणि ती पाच असावी की तीन यावर मी भांडणार नाही. मंत्रालयाने गफलत केली ती ही की पैसे आणि प्रशस्तिपत्र एकाच शब्दात बांधले, ‘बक्षीस’, आणि मर्यादा त्या शब्दाला लावली. त्यामुळे सहाव्या वेळी पैशाबरोबर नावही जातं. रक्कम आठ जणांत वाटावी लागते हे समजू शकतं. प्रशस्तिपत्र आठ जणांना दिलं तर ते कुणाच्या वाट्याला कमी येतं? आठ कागद छापायला जो खर्च येतो तो जिल्हाधिकारी कचेरीच्या चहाच्या बिलात भागेल.

योजनेची वाट कशी जाते तेही पाहण्यासारखं आहे. मदत करणाऱ्याने पोलिसांना कळवलं तर पोलीस डॉक्टरकडून खात्री करून घेतात आणि ठाण्याच्या लेटरपॅडवर त्याला पोच देतात. तिच्यावर त्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, अपघाताची जागा, तारीख, वेळ आणि त्याने काय केलं ते लिहिलेलं असतं. तो थेट दवाखान्यात गेला असेल तर दवाखान्याने पोलिसांना कळवायचं. पोचेची प्रत जिल्ह्याच्या समितीकडे जाते. तिच्यावर जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आणि आरटीओ असतात. समिती नावं ठरवून राज्याच्या परिवहन आयुक्तांकडे पाठवते, तिथून पैसे. शिवाय देशभरातून दरवर्षी दहा जणांना एकेक लाखाचं राष्ट्रीय बक्षीस. नाव न सांगण्याचा हक्क कायद्याने दिला, आणि बक्षीस हवं तर नाव, पत्ता, नंबर द्यावाच लागतो. हे अटळ आहे, त्यात दोष काढण्यासारखं काही नाही.

या सगळ्या साखळीत खरी किंमत आहे ती पोलीस ठाण्याच्या त्या पोचेला. ती डॉक्टरच्या खात्रीनंतर मिळते, म्हणजे ‘कोरोना योद्धा’सारखी नाव भरून उतरवून घेता येत नाही. तिच्यावर तारीख आणि वेळ असते, म्हणजे उद्या कुणी आरोप केला तर ती उपयोगी पडते. ती एकेका माणसाला वेगळी देता येते, म्हणजे आठ जणांत वाटावी लागत नाही. आणि पाचाची अट बक्षिसाला आहे, पोचेला नाही. पोलिसांनी वर्षातून किती पोचा द्याव्यात यावर योजनेत कसलीही मर्यादा घातलेली नाही.

शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, यवत, दौंड या ठाण्यांनी अशा पोचांची साधी नोंदवही ठेवली आणि २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तिच्यातली सगळी नावं, आकडा न बघता, एकदा मोठ्याने वाचून दाखवली, तर सरकारला एक पैसाही जास्त लागणार नाही. तालुक्याच्या धोक्याच्या जागा कोणत्या, याचाही पत्ता त्या वहीतून आपोआप लागेल, कारण ज्या कोपऱ्यावरच्या माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येतं तो कोपरा सुधारायला हवा. तिथे दुभाजकाला फट पडलेली असेल, वळणावर दिवा नसेल, नाहीतर हंगामात ट्रॉल्या थांबायची ती जागा असेल. सहाव्या वेळी त्याचं नाव गाळलं, तर गाळला जातो तो अपघात.

तोवर तुम्हाला करता येण्यासारखं एवढंच आहे. रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर १०८ किंवा ११२ लावा; पुणे–सोलापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, तुमच्यावर सक्ती नाही. सांगणार असाल तर बरोबर जेवढे होते तेवढ्या सगळ्यांची नावं सांगा आणि प्रत्येकाच्या नावाची पोच ठाण्यातून मागून घ्या. सहाव्या वेळीही मागा.